शिकोकूची १,२०० किलोमीटरची धम्मवाट : कोण चालतं आणि जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

पायी यात्रांकडे जगभर पुन्हा ओढा वाढला आहे. स्पेनमधल्या सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेत २०२३ या एका वर्षात चार लाखांहून अधिक लोकांनी यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घेतले. जपानमधली कुमानो कोदो ही डोंगरवाट २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत आली आणि तिथेही परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. या दोन्हींच्या तुलनेत शांत राहिलेली एक मोठी बौद्ध यात्रा जपानमध्ये आहे. शिकोकू बेटाला वळसा घालणारी ही ८८ विहारांची परिक्रमा आहे. पायी चालणाऱ्याला किंवा चालणारीला तिथे 'हेन्रो' म्हणतात.

शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने आपले तरुण आता जपानमध्ये आहेत. काही जण सुट्टीत अशी एखादी वाट चालण्याचा विचार करतात. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत. पण ती देताना आम्ही एक प्रश्न सोबत ठेवला आहे. यात्रेत सगळे समान असतात, असे प्रत्येक यात्रेबद्दल सांगितले जाते. पंढरीच्या वाटेबद्दलही सांगितले गेले आणि चोखोबांची समाधी मात्र महाद्वाराबाहेरच राहिली. शिकोकूच्या वाटेवर कोणाला सोबत घेतले गेले आणि कोणाला बाहेर ठेवले गेले, हे माहीत करून घेतल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये, असे आम्हाला वाटते.

वाट नेमकी काय आहे?

शिकोकू हे जपानच्या चार मुख्य बेटांपैकी सर्वात लहान बेट. त्यात तोकुशिमा, कोची, एहिमे आणि कागावा असे चार प्रांत आहेत. पहिला विहार र्‍योझेनजी तोकुशिमात आहे आणि अठ्ठ्याऐंशीवा ओकुबोजी कागावात. सगळी परिक्रमा सुमारे १,२०० किलोमीटरची. रोज २५ किलोमीटरच्या आसपास चालले तर ४० ते ५० दिवस लागतात. चार प्रांतांना परंपरेने चार टप्पे मानले जातात : बोधिचित्त जागवणे, साधना, बोधी आणि निर्वाण.

ही यात्रा कुकाई (७७४–८३५) या भिक्खूच्या नावाने चालते. लोक त्यांना कोबो दायशी म्हणतात. त्यांचा जन्म याच बेटावर झाला, आणि ७५ क्रमांकाचा झेन्त्सुजी विहार त्यांच्या जन्मस्थानी उभा असल्याचे मानतात. ८०४ साली ते चीनला गेले. तिथे त्यांनी वज्रयान परंपरेचे शिक्षण घेतले, भारतीय उपखंडातून तिथे पोहोचलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्खूकडून संस्कृत शिकले, आणि परतल्यावर जपानमध्ये शिंगोन पंथ स्थापन केला. नागपूरच्या धम्मचळवळीत आयुष्य घालवलेले भदन्त सुरई ससाई हे याच शिंगोन परंपरेत भिक्खू झाले होते. म्हणजे हे नाव आपल्याला वाटते तेवढे परके नाही.

कुकाईंच्या चमत्कारांच्या कथा वाटेवर पावलोपावली ऐकू येतील. आम्हाला त्यांच्या दोन कामांची नोंद जास्त महत्त्वाची वाटते. ८२१ साली त्यांनी कागावातल्या मान्नो या मोठ्या सिंचन तलावाच्या दुरुस्तीचे काम पाहिले. तो तलाव आजही आहे. आणि ८२८ साली त्यांनी क्योटोत सर्वसामान्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. त्या काळी शिक्षण म्हणजे सरदार-दरकदारांच्या घरची मक्तेदारी होती. या शाळेत कुळ पाहिले जाणार नव्हते आणि शिकणाऱ्याच्या जेवणाचीही सोय होती. कुकाईंच्या निधनानंतर काही वर्षांतच ती बंद पडली. वरच्यांना नकोशी वाटणारी शाळा संस्थापक गेल्यावर किती दिवस तग धरते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

सगळे ८८ विहार कुकाईंनीच स्थापले किंवा पावन केले, असे श्रद्धाळू मानतात. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ८८ ची ठरलेली यादी आणि सामान्य माणसांची यात्रा सतराव्या शतकात आकाराला आली. शिन्नेन या फिरत्या साधूने १६८७ साली वाटेचे पहिले छापील मार्गदर्शक काढले, वाटेवर दगड रोवले, आणि मग शेतकरी-कारागीर चालू लागले.

कोण चालतं?

प्रथम एक गैरसमज दूर करू. शिकोकूला जाणारे बहुसंख्य यात्रेकरू आज पायी जातच नाहीत. १९५३ साली इथे बसची पहिली सामूहिक यात्रा निघाली आणि त्यानंतर बस, मोटार आणि टॅक्सी हेच मुख्य साधन झाले. गाडीने परिक्रमा दहा-बारा दिवसांत होते. पूर्ण वाट पायी चालणारे वर्षाला काही हजारच. म्हणून दोन विहारांच्या मधल्या वाटेवर दिवसभरात एखाद-दुसराच सोबती भेटतो. विहाराच्या अंगणात मात्र अचानक बसभर माणसे उतरतात, एकसुरात सूत्रपठण करतात आणि वीस मिनिटांत निघून जातात.

पायी चालणाऱ्यांत निवृत्त माणसे सर्वाधिक दिसतात. साठीनंतर हातात वेळ आणि थोडे पैसे असतात, हे साधे कारण. त्यांच्याखालोखाल आयुष्याच्या वळणावर उभी असलेली माणसे : जोडीदार किंवा मूल गमावलेले, नोकरी सुटलेले, आजारातून उठलेले. काही विद्यार्थी, काही हौशी चालणारे. गेल्या काही वर्षांत युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, तैवान इथून येणारेही वाढले आहेत. तुम्ही का चालता, हा प्रश्न कोणाला थेट विचारायचा नाही, असा तिथला शिष्टाचार आहे. सांगायचे असेल तर समोरचा स्वतःच सांगतो.

सगळ्यांचा वेश एक : पांढरा अंगरखा, गवताची शंकूच्या आकाराची टोपी आणि हातात लाकडी काठी. पांढरा रंग हा प्रेताला घालायच्या कपड्यांचा. पूर्वी वाटेत मरण आले तर त्याच अंगरख्यात पुरायचे आणि काठी थडग्यावर रोवायची, असा संकेत होता. एदो काळातल्या यात्रेकरूंच्या परवान्यांवर तर लिहिलेले असे की हा माणूस वाटेत मेला तर तिथल्या रिवाजाप्रमाणे पुरावे, गावी कळवण्याची गरज नाही. वाटेच्या कडेला अशा अनामिक यात्रेकरूंच्या कबरी आजही दिसतात.

स्त्रियांचा इतिहासही इथे आहे. डोंगरावरच्या काही विहारांत स्त्रियांना प्रवेशबंदी होती. मुरोतो भूशिरावरच्या २४ क्रमांकाच्या विहारात त्या जाऊ शकत नसत. त्यांना खालूनच नमस्कार करावा लागे. जपान सरकारने १८७२ साली अशी बंदी कायद्याने उठवली. १९१८ साली ताकामुरे इत्सुए ही २४ वर्षांची तरुणी ही परिक्रमा चालली आणि प्रवासातून वर्तमानपत्राला लेख पाठवत राहिली. तरुण स्त्रीने असे निघणे त्या काळी खळबळजनक होते. पुढे तीच जपानमधल्या स्त्री-इतिहासाची मोठी अभ्यासक झाली.

ज्यांना घरी परतायचे नव्हते

आता ज्या भागासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत, तो भाग.

शेकडो वर्षे या वाटेवर महारोगी, म्हणजे कुष्ठरोग झालेली माणसे चालत. घरात रोग निघाला की कुटुंबाची बदनामी होई, भावंडांची लग्ने मोडत. मग त्या माणसाला पांढरा अंगरखा देऊन शिकोकूला रवाना केले जाई. वरून ती यात्रा होती, प्रत्यक्षात ती हद्दपारी होती. ही माणसे परिक्रमा संपली की पुन्हा पहिल्या विहारापासून चालू लागत, मरेपर्यंत. गावकरी त्यांना अन्न देत, हे खरे. पण धर्मशाळेत जागा मिळत नसे आणि राजरस्त्यावरून चालणेही अवघड होते. लोकजीवनाचे अभ्यासक मियामोतो त्सुनेइची यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात शिकोकूच्या डोंगरात भेटलेल्या एका कुष्ठरोगी वृद्धेची हकिगत दिली आहे. आपल्यासारख्यांच्या वाटा वेगळ्या असतात आणि आपण त्याच वाटांनी फिरतो, असे तिने त्यांना सांगितले होते. गावकुसाबाहेरची वाट म्हणजे काय हे ज्या समाजाला माहीत आहे, त्याला हे वाचून काही समजावून सांगावे लागत नाही.

१९०७ साली जपानने फिरत्या कुष्ठरोग्यांना कोंडण्याचा कायदा केला. १९०९ मध्ये ताकामात्सु बंदरासमोरच्या ओशिमा या छोट्या बेटावर त्यांच्यासाठी वसाहत उघडली. १९३१ च्या कायद्याने फिरते असोत वा घरातले, सगळ्याच रोग्यांना कोंडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हेन्रोंच्या वाटेवरून ही माणसे उचलली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर रोग बरा करणारी औषधे आली, तरी कायदा राहिला. तो १९९६ साली रद्द झाला. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने हे धोरण घटनाबाह्य ठरवले आणि सरकारने अपील केले नाही. हा निकाल रोग्यांनी स्वतः उभे राहून मिळवला, कोणाच्या दयेतून तो आला नाही.

ओशिमा बेटावर कोंडलेल्या माणसांनी काय केले? त्यांनी त्या इवल्याशा बेटावरच ८८ दगडी बुद्धमूर्तींची छोटी परिक्रमा उभी केली आणि ती चालत राहिले. आज तिथे उरलेले रहिवासी फार वृद्ध आहेत. ताकामात्सुहून बोटीने तिथे जाता येते. शिकोकूची यात्रा करणाऱ्या आपल्या प्रत्येक तरुणाने एक दिवस ओशिमासाठी राखावा, ही आमची आग्रहाची सूचना. ८८ च्या यादीत ते बेट नाही, पण या वाटेचा खरा इतिहास तिथे आहे.

हा प्रश्न फक्त जुन्या काळातला आहे असेही समजू नका. २०१४ साली वाटेवरच्या विसाव्याच्या झोपड्यांत कोरियन लोकांविरुद्ध द्वेषाची भित्तिपत्रके चिकटवलेली सापडली. स्थानिक लोकांनी आणि प्रशासनाने त्यांचा निषेध केला आणि ती काढून टाकली.

दान घेण्याची शिस्त

या वाटेची सर्वात सुंदर रीत म्हणजे 'ओसेत्ताई'. अनोळखी माणूस थांबवून संत्री देतो, चहा देतो, कधी शंभर येनचे नाणे हातावर ठेवतो, कधी रात्रीचा निवारा देतो. चालणाऱ्याने ते नाकारायचे नसते. बदल्यात आपले नाव-गाव लिहिलेली कागदी पट्टी द्यायची आणि आभार मानायचे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर अन्नदानाचे आणि पाण्याचे स्टॉल लावणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना ही भावना ओळखीची वाटेल. फरक एवढाच की शिकोकूत हे वर्षभर, दाराशी आणि एकेकट्याने चालते.

पण इथेही डोळे उघडे ठेवा. नाव लिहायच्या त्या पट्टीचा रंग परिक्रमांच्या संख्येनुसार बदलतो. पहिल्या चार फेऱ्यांना पांढरा, मग हिरवा, लाल, चंदेरी, सोनेरी आणि शंभराहून अधिक फेऱ्यांना जरीची पट्टी. समान वेशाच्या आत अशी उतरंड आहे. शिवाय यात्रेची मूळ कथा ऐका. एमोन साबुरो नावाच्या श्रीमंत माणसाने दाराशी आलेल्या भिक्षेकरी भिक्खूला पुन्हा पुन्हा हाकलले, त्याचे भिक्षापात्र फोडले. मग त्याची आठ मुले एकामागून एक मेली आणि पश्चात्तापाने तो त्या भिक्खूच्या शोधात बेटाभोवती फिरत राहिला. तो भिक्खू म्हणजे कुकाई. दारातून हाकलणे हे पाप आहे, हा या कथेचा गाभा आम्हाला पटतो. बापाच्या चुकीसाठी निरपराध मुले मरतात, हा भाग बुद्धाच्या शिकवणीत बसत नाही आणि तसे स्पष्ट म्हणायला आपण कचरू नये.

जाणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

*रस्ता.* पायवाटांची स्वप्ने पाहू नका. बराचसा रस्ता डांबरी आहे, त्यात हमरस्ते आणि बोगदेही येतात. पहिले दहा विहार सपाट खोऱ्यात जवळजवळ आहेत, दोन दिवसांत होतात आणि माणूस खुशीत येतो. मग ११ ते १२ हा सुमारे १३ किलोमीटरचा डोंगरी टप्पा येतो. त्याला 'यात्रेकरूंना गडगडवणारी चढण' असेच नाव आहे. ६६ क्रमांकाचा विहार नऊशे मीटरहून उंचावर आहे. कोचीच्या किनाऱ्यावर विहार विरळ होतात. २३ ते २४ हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आणि ३७ ते ३८ हे ८० किलोमीटरच्या पुढे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि तीन-तीन दिवस विहार नाही. बहुतेकांचे मन इथे खचते.

*ऋतू.* मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जून-जुलैत पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबरात उकाडा आणि वादळे. किनाऱ्यावर त्सुनामीपासून बचावाच्या जागांचे फलक असतात. रोज मुक्कामाला पोहोचल्यावर सर्वात जवळची उंच जागा कोणती, हे पाहून ठेवा.

*मुक्काम आणि खर्च.* घरगुती खानावळीवजा लॉज किंवा विहाराचे यात्रीनिवास मिळते. दोन जेवणांसह रात्रीचे साधारण सात ते दहा हजार येन होतात. ४५ रात्रींचा हिशेब ८,००० येनने केला तर ३ लाख ६० हजार येन. प्रत्येक विहारात वहीवर शिक्का आणि सुलेखन घ्यायचे तर ५०० येन, म्हणजे ८८ चे ४४ हजार. दुपारचे जेवण आणि विमानभाडे वेगळे. ही रक्कम लहान नाही. निवृत्तांची संख्या जास्त का, याचे उत्तर इथेही आहे. मोफत निवारे आहेत, पण ते साधे, कधी दाराविना असतात. एकट्या मुलींनी कडी लागणारी खोलीच निवडावी. रोख पैसे जवळ ठेवा. लॉज चालवणारे बहुतेक वृद्ध आहेत आणि अनेक लॉज बंद पडत आहेत. एक-दोन दिवस आधी फोन करून जागा सांगा, जपानी येत नसेल तर आदल्या मुक्कामाच्या यजमानांना फोन करायला सांगा. बेत बदलला तर कळवा. न कळवता गैरहजर राहिलात तर त्यांनी तुमच्यासाठी केलेला स्वयंपाक वाया जातो आणि पुढच्या परदेशी माणसाला दार बंद होते.

*सगळी वाट एका दमात चालायलाच हवी का?* नाही. बरेच जपानी लोक तुकड्या-तुकड्याने, वर्षानुवर्षे चालतात. एका वेळी एक प्रांत ही मान्य रीत आहे. तोकुशिमाचे २३ विहार आठ-दहा दिवसांत होऊ शकतात. भारतातून जाणाऱ्यांनी व्हिसाची मुदत पाहूनच बेत आखावा.

*जेवण.* मासे आणि माशाचे सार जवळजवळ सगळ्यात असते, विहाराच्या यात्रीनिवासातही. शाकाहारी असाल तर आधी सांगा आणि भाताची, टोफूची सवय ठेवा.

*विधी.* आपल्या वाचकांना इथे धक्का बसू शकतो. प्रत्येक विहारात दोन ठिकाणी, मुख्य दालनात आणि कुकाईंच्या दालनात, मेणबत्ती, उदबत्ती लावून प्रज्ञापारमिता हृदय सूत्र म्हणतात. त्रिशरण-पंचशीलाची पालीतली ओळखीची लय कानावर पडणार नाही. सरस्वतीचे जपानी रूप असलेल्या बेन्झाइतेनसारख्या देवता दिसतील. शिंगोन परंपरेत 'गोमा' नावाचा अग्निविधी आहे. तो शब्द आणि विधी दोन्ही आपल्या इथल्या होमातून गेले आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या उपासक-उपासिकेने यात भाग घ्यावा अशी कोणाचीही सक्ती नसते. श्रद्धेची परीक्षा तिथे कोणी घेत नाही. शांत उभे राहा, बुद्धाला वंदन करा, कुकाईंकडे एक शिक्षक म्हणून पाहा. टिंगल करू नका आणि न पटणारे पटल्यासारखे दाखवूही नका. धम्म भारताबाहेर गेला तेव्हा त्याच्यासोबत काय काय गेले, हे समजून घेण्याची ही संधी आहे. बाबासाहेबांनी धम्माची मांडणी करताना काय बाजूला सारले आणि का, हे तिथे उभे राहून अधिक स्पष्ट कळेल.

मग जायचे की नाही?

जमत असेल तर जरूर जा. पण पुण्य साठवायला जाऊ नका. ८८ शिक्क्यांची वही म्हणजे निर्वाणाचा दाखला नव्हे. परवडत नसेल तर कर्ज काढून जाऊ नका. धम्म समजायला शिकोकूला जावेच लागते असे मुळीच नाही.

गेलात तर तीन गोष्टी करा. वाटेकडेच्या अनामिक कबरींपाशी थांबा. ओशिमाला जा आणि तिथला इतिहास वाचा. आणि अनोळखी माणसाकडून घेतलेल्या प्रत्येक संत्र्याचा, प्रत्येक चहाचा हिशेब मनात ठेवून परत या, म्हणजे तो आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत, आपल्या विहारात, परगावाहून परीक्षेला आलेल्या एखाद्या मुलाला रात्रीची जागा देऊन फेडता येईल. ज्या वाटेवर शाळा काढणाऱ्या भिक्खूची आठवण आहे आणि हाकललेल्या माणसांच्या कबरीही आहेत, तिथून आणण्यासारखे याहून मोलाचे दुसरे काही आम्हाला दिसत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!